लाईफ जॅकेट निवडताना: गंगापूर धरणापासून शेततळ्यापर्यंत

बोटिंगला गेलं की जेट्टीवरचा माणूस ढिगातलं हाताला लागेल ते जॅकेट पुढे करतो. नव्वद किलोच्या काकांना तेच, कॉलेजातल्या सडपातळ मुलीला तेच आणि आठ वर्षांच्या पोरालाही तेच, फक्त पट्टा जरा जास्त आवळलेला. पंधरा मिनिटांत फेरी संपते, कुणी पाण्यात पडत नाही, आणि लाईफ जॅकेट म्हणजे अंगात अडकवायचं काहीतरी नारिंगी, एवढीच आपली समजूत कायम राहते. जानेवारी २०२४ मध्ये वडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली, तेव्हा बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. जॅकेट नसणं हा एक धोका झाला. चुकीचं जॅकेट अंगावर असणं हा दुसरा, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

नाशिककरांचं पाण्यावर जाणं हल्ली वाढलंय. गंगापूरच्या जलाशयावर बोट क्लब आहे. शनिवार-रविवार भंडारदऱ्याला तंबू ठोकणारे आहेत. दारणा, मुकणे, वैतरणा या बाजूला स्वतःची कयाक घेऊन जाणारी तरुण मंडळी आहेत. कोलाडला राफ्टिंगसाठी इथून गाड्या भरून जातात. आणि निफाड, सिन्नर, चांदवड, येवला या पट्ट्यात तर जिकडेतिकडे शेततळी आहेत. या सगळ्यांना एकच जॅकेट चालत नाही. म्हणून दुकानात शिरण्याआधी दोनच गोष्टी ठरवा: पाणी कुठलं आहे, आणि पाण्यात पडल्यावर घालणाऱ्याला स्वतःहून काही करता येणार आहे का. किंमत, कंपनी, रंग हे सगळं त्याच्या नंतर.

लेबलवरचा आकडा

जॅकेटच्या आतल्या बाजूला लेबल शिवलेलं असतं. त्यावर सगळ्यात आधी न्यूटनचा आकडा शोधा. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलोचा आधार. ५० न्यूटनचं जॅकेट पाच किलो वर धरून ठेवतं.

‘माझं वजन ऐंशी, मग पाच किलोनं काय होणार?’ हा प्रश्न दुकानात हमखास येतो. शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते, त्यामुळे पाण्यात आपण बरेचसे तरंगतोच. आधार लागतो तो डोकं पाण्याबाहेर ठेवण्यापुरता. बहुतेक मोठ्या माणसांना त्यासाठी तीन ते साडेपाच किलो जादा आधार पुरतो. आणि जाड माणसाला जास्त न्यूटन लागतात हाही गैरसमजच आहे. चरबी तरंगते; हाडं आणि स्नायू खाली ओढतात. जाड माणसाला मोठं माप लागतं, मोठा आकडा नव्हे. काटक, व्यायाम केलेला पोरगाच पाण्यात जास्त जड पडतो.

आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात चार मुख्य पायऱ्या आहेत: ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आहे, तेही काठ जवळ असेल आणि मदतीला कुणी असेल तेव्हा. ते तुम्हाला वर ठेवतं, पण शुद्ध हरपली तर उताणं करत नाही. १०० चं जॅकेट शांत, बंदिस्त पाण्यासाठी. धरणाचा जलाशय त्यातच आला. १५० हे समुद्रासाठी, आणि २७५ हे अंगावर अवजड कपडे, अवजारं, सामान घेऊन खोल समुद्रात काम करणाऱ्यांसाठी. अमेरिकी बनावटीच्या जॅकेटवर ७० चा आकडाही दिसतो. कयाक आणि राफ्टिंगची बरीच जॅकेटं त्यात मोडतात.

आता हे उताणं करणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण खरी निवड इथेच होते. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचे. डब्यानं पाठ वर राहायची आणि तोंड पाण्याकडे. हातपाय मारणाऱ्याला तेच हवं असतं. बेशुद्ध पडलेल्या, घाबरून गारठलेल्या किंवा पोहता न येणाऱ्या माणसाला मात्र नेमकं उलट हवं. म्हणून अशा जॅकेटात जास्तीचा फोम छातीवर असतो, पाठीवर कमी, आणि मानेमागे जाड कॉलर. पाण्यात पडल्यावर छातीची बाजू वर येते आणि कॉलर डोकं धरून ठेवते.

यावरून माझा ठोकताळा असा: पोहता येत नसेल तर १०० च्या खाली उतरू नका आणि कॉलर नसलेलं जॅकेट हातात घेऊ नका. मग दुकानदार कितीही म्हणो की सगळे हेच नेतात.

लेबलवर न्यूटनचा आकडा नाही, मानक नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, किती वजनाच्या माणसासाठी आहे तेही नाही, फक्त मोठ्या अक्षरात ‘फ्री साईज’ लिहिलंय, अशी जॅकेटं बाजारात भरपूर आहेत. काहींच्या आत फोमच्या जागी थर्माकोलच्या पट्ट्या निघतात. दाबल्यावर कुरकुर आवाज आला आणि बोटाचा खड्डा तसाच राहिला तर ते खाली ठेवा. चांगला फोम दाबला की मऊ लागतो आणि लगेच पूर्ववत होतो.

कुठल्या पाण्यासाठी कुठलं

जलाशयात कुटुंबासह साध्या बोटीत बसायचं असेल तर १०० न्यूटन, कॉलर, पुढे निदान दोन बक्कलं. एवढं पुरे.

कयाकचं गणित वेगळं. सतत वल्हवायचं असतं, त्यामुळे बाह्या खूप मोकळ्या हव्यात आणि जॅकेट कमरेच्या वर संपायला हवं. लांब असेल तर बसल्यावर ते खालून ढकललं जातं आणि हनुवटीला टोचतं. कयाकच्या सीटला पाठ टेकते, म्हणून पाठीचा फोम वरच्या अर्ध्या भागातच असलेलं जॅकेट मिळतं, ते घ्या. इथे ५० किंवा ७० चालतं, पण पोहता येत असेल तरच. ज्याला पोहता येत नाही त्यानं आधी नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर नाव घालावं, कयाकचं नंतर बघू.

स्पीडबोट आणि जेटस्कीवर पडताना पाण्याचा फटका बसतो. वेगात पडलं की पाणी जॅकेटच्या खालून घुसतं आणि ते अंगावरून ओरबाडून काढतं. एका चेनवर विसंबू नका. तीन-चार रुंद पट्टे अंगाभोवती पूर्ण फिरलेले हवेत. हवेनं फुगणारं जॅकेट इथे अजिबात नको.

कोलाडच्या कुंडलिका नदीत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. तिथे जॅकेट आयोजकच देतात. तुमचं काम एवढंच की ते इतकं घट्ट असावं की सोबत्याला खांद्याचे पट्टे धरून तुम्हाला राफ्टमध्ये ओढून घेता यावं. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, ते पाणी हलकं होतं आणि तिथे जॅकेटचा आधारही कमी पडतो. सोमेश्वरच्या धबधब्याखाली किंवा बंधाऱ्याच्या पायथ्याशी जॅकेट घालून उतरण्यात शहाणपण नाही ते यामुळेच. बंधाऱ्याखालचं पाणी माणसाला परत परत आत खेचतं. आणि नाशिकच्या घाटावर पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना गोदावरीत उतरण्याजोगं जॅकेट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

विसर्जनाला घाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणारे मंडळाचे कार्यकर्ते असतात. त्यांना वाकायचं, उचलायचं, प्रसंगी पोहायचं असतं. जाड कॉलरचं जॅकेट दिलं की अर्ध्या तासात ते काढून कठड्यावर ठेवतात. त्यांच्यासाठी ५० ते ७० न्यूटनचं आखूड जॅकेट बरं, कारण ते अंगावर राहतं.

रंगाबद्दल एकच. पावसाळ्यात धरणाचं पाणी मातकट, हिवाळ्यात हिरवट, आणि नाशिकजवळच्या गोदावरीत पाणवेलींचा गालिचा. हिरवं, निळं, लष्करी ठिपक्यांचं जॅकेट फोटोत छान दिसतं, पाण्यात दिसत नाही. नारिंगी, पिवळं किंवा लाल घ्या. खांद्यावर उजेडात चमकणारी पट्टी आणि दोरीला बांधलेली शिट्टी असेल तर उत्तम. शिट्टी आत गोळी नसलेली असावी, गोळीची शिट्टी भिजली की दगा देते.

हवेचं जॅकेट घ्यावं का

पट्ट्यासारखं दिसणारं, दोरी ओढली की छोट्या सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडनं फुगणारं जॅकेट आता ऑनलाइन सहज मिळतं. दिसायला सुटसुटीत, उकाड्यात सोयीचं. पण पोहता न येणाऱ्याला, लहान मुलांना, राफ्टिंगला आणि कयाकला ते चालत नाही. एकदा फुगलं की नवीन सिलिंडर टाकावं लागतं. आपोआप फुगणाऱ्या काही प्रकारांत भिजली की विरघळणारी गोळी असते, आणि इगतपुरीच्या जुलैतल्या पावसात ती पाण्यात न पडताच कामाला लागू शकते. दर वर्षी तपासायची शिस्त असणाऱ्या, समुद्रात शिडाची बोट चालवणाऱ्यांसाठी ती वस्तू चांगली आहे. इथल्या धरणांसाठी मी फोमचंच सांगेन.

दुकानात अंगावर चढवून बघा

मोठ्यांचं माप छातीच्या घेरावर ठरतं, शर्टाच्या नंबरावर नाही. टेप घेऊन जा. पाण्यावर जाताना जे कपडे घालणार त्यावरूनच मोजा.

सगळे पट्टे सैल करून जॅकेट चढवा. चेन लावा, मग पट्टे खालून वर आवळत या: आधी कमरेचा, मग पोटाचा, मग छातीचा, खांद्याचे शेवटी. वरून सुरुवात केली की जॅकेट वर चढून बसतं आणि खालचा पट्टा पोटावर येतो. आवळल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे.

आता हात वर करा आणि सोबतच्या माणसाला दोन्ही खांदे धरून जॅकेट जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत येऊन अडलं तर ठीक. कानांपर्यंत गेलं, नाक झाकलं गेलं, तर एक माप खाली उतरा. पाण्यात नेमकं हेच होतं: जॅकेट वर तरंगतं, माणूस आतून खाली सरकतो. सैल जॅकेटात माणूस बुडतो तो असा.

मग स्टुलावर बसा, पुढे वाका, मान दोन्हीकडे वळवा, वल्हं मारल्यासारखे हात फिरवा. काखेत घासत असेल तर तासाभरात तुम्ही ते काढून टाकाल, आणि काढून ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग शून्य.

शिलाई बघताना एकच गोष्ट बारकाईनं तपासा: पट्टा अंगाभोवती पूर्ण फिरतो की बक्कलाच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच कापडाला नुसता टाचलाय. टाचलेला पट्टा ओढला की कापड फाटतं आणि पट्टा बक्कलासकट हातात येतो. बक्कल दहा वेळा उघड-बंद करून बघा, ओल्या हातानंही उघडता आलं पाहिजे.

साडी नेसलेल्या बायकांकडे जेट्टीवर फारसं लक्ष दिलं जात नाही, म्हणून इथे लिहितोय. पदर आधी कमरेला घट्ट खोचा, मग जॅकेट. पदर जॅकेटवर घेतला की तो बक्कल झाकतो आणि पाण्यात गळ्याभोवती येतो. ओढणी काढून पिशवीत ठेवा. जांघेतला पट्टा साडीवर लागत नाही, त्यामुळे बाजूचे पट्टे नेहमीपेक्षा घट्ट हवेत आणि माप एकदम नेमकं. रेनकोट असेल तर जॅकेट त्याच्या वरून. सॅक जॅकेटवर अडकवू नका, ती हातात धरा.

मुलांचं जॅकेट: वाढत्या अंगाचं नको

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, दोन वर्षं चालावा म्हणून. जॅकेटला हा हिशेब लावला की मूल आतून निसटतं. मुलांचं माप वयावर किंवा उंचीवर नाही, वजनावर ठरतं. अमेरिकी लेबलांवर साधारण १४ ते २३ किलो आणि २३ ते ४१ किलो असे गट असतात; आपलं मूल ज्या गटात आज आहे तेच जॅकेट घ्या. मुलांच्या जॅकेटवर न्यूटनचा आकडा मोठ्यांपेक्षा कमी दिसला तर बिचकू नका, कमी वजनाला आधारही कमी लागतो.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, म्हणून कॉलर हवीच. मानेमागे पकडायला मजबूत कडी किंवा पट्टा हवा. पाण्यातून पोराला उचलताना त्यालाच धरायचं असतं. आणि जांघेतून जाणारा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. तो टोचतो म्हणून मुलं कुरकुर करतात, आई-बाप सोडून देतात. सोडू नका.

घेतल्यावर पहिल्यांदा ते पोहण्याच्या तलावात, उथळ पाण्यात घालून बघा. मूल पाठीवर शांत पडून राहतं का, तोंड पाण्याबाहेर राहतं का ते पाहा. काही मुलं घाबरून उलटी होण्याची खटपट करतात. त्यांना दोन-तीनदा सवय करून दिली की धरणावर रडारड होत नाही. दंडात घालायचे फुगे, कमरेची रबरी बदकं, टायरची ट्यूब ही खेळणी आहेत. पंक्चर झालं की संपलं.

शेततळ्याचं जॅकेट

आपल्या जिल्ह्यात जॅकेटची खरी गरज बोटीपेक्षा इथे जास्त आहे असं माझं ठाम मत आहे, आणि इथेच ते सर्वात कमी दिसतं. द्राक्षं, डाळिंब, कांद्यासाठी खोदलेल्या शेततळ्याला उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की ओल्या काचेवरून घसरावं तसा पाय घसरतो. चांगला पोहणारा माणूसही काठापर्यंत येतो, पण वर चढता येत नाही. नखं रुतायला जागा नाही, पाय टेकायला दगड नाही. तो दमतो. आजूबाजूच्या बागेत माणूस असला तरी पाचशे फुटांवर, आणि मोटर चालू असेल तर हाक ऐकू जात नाही.

म्हणून इथला हिशेब वेगळा करा. पोहता येतंय म्हणून ५० चं नको, १०० चंच घ्या, कारण मदत येईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. कॉलर हवी. शिट्टी हवीच. सगळ्यांनी वापरायचं असल्यामुळे पट्टे भरपूर पुढे-मागे होणारं एक आणि बारीक अंगाच्या माणसासाठी लहान मापाचं एक, अशी दोन ठेवा. फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढायला, पाईप सरकवायला, तरंगती मोटर ओढायला कुणीही काठाच्या आत उतरणार असेल, मालक असो की सालगडी, जॅकेट घालूनच.

ते ठेवायची जागा म्हणजे मोटरच्या पेटीशेजारचा खिळा. घरातल्या कपाटात ठेवलेलं जॅकेट कुणी एक फर्लांग चालत आणायला जात नाही. वर पत्र्याचा तुकडा ठोका म्हणजे ऊन लागणार नाही. जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, बाहेर काढत नाही, त्यामुळे चारही बाजूंना खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर त्याच्या जोडीला हवाच. जुने टायर एकमेकांना बांधून केलेली शिडी असेल तर आणखी बरं. पोराबाळांसाठी जॅकेट हा उपाय नाही. तिथे कुंपण आणि कुलूप.

भाड्याचं जॅकेट हातात आलं की

रांग मागे असते, पण अर्धं मिनिट घ्या. ओलं असलं तर हरकत नाही, पण नेहमीपेक्षा जड लागत असेल तर फोमनं पाणी प्यायलंय. शिवण उसवून फोमचा चुरा बाहेर येतोय का, बक्कलाची एक नांगी तुटली आहे का, पट्ट्याऐवजी सुतळी बांधली आहे का ते बघा. ‘दादा, याचं बक्कल तुटलंय, दुसरं द्या’ एवढं म्हणायला संकोच कसला? लहान मुलाच्या मापाचं नसेलच तर त्याला मोठ्याचं घालून नेऊ नका. ती फेरी सोडा. महिन्यातून एकदा तरी जाणं होत असेल तर मुलांचं जॅकेट स्वतःचं घेणं परवडतं.

जुन्या जॅकेटची परीक्षा

फोम उन्हानं, दाबानं आणि वयानं आधार गमावतो. बोटीत त्यावर बसणं, त्याची उशी करणं, मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरणं, या सगळ्यानं त्याचं आयुष्य घटतं. वापरल्यावर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत टांगून वाळवा, हीटर किंवा इस्त्री जवळ आणू नका. वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच टाकू नका.

दर वर्षी पावसाळ्याआधी घरच्या घरी परीक्षा घेता येते. दोनशे लिटरचा ड्रम भरा. ५० न्यूटनच्या जॅकेटला किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप घट्ट बांधून पाण्यात सोडा. लोखंडाचं वजन पाण्यात जेमतेम सव्वाचार-साडेचार किलो भरतं, म्हणजे जॅकेटनं ते सहज वर धरलं पाहिजे. १०० च्या जॅकेटला अशी दोन मापं बांधा. दगड बांधाल तर फसाल: आपल्याकडच्या काळ्या दगडाचं वजन पाण्यात जवळजवळ एक तृतीयांशानं घटतं, आणि खराब जॅकेटही पास होतं. जॅकेट पाच मिनिटांत नव्हे, रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी बघा.

बुडालं, किंवा जेमतेम पाण्याच्या पातळीशी तरंगत राहिलं, तर ते बाद. बाद जॅकेट भंगारात देण्याआधी सगळे पट्टे कात्रीनं कापा आणि कापड उभं फाडा. धड दिसणारं जॅकेट भंगारवाल्याकडून कुणीतरी पन्नास रुपयांना उचलतं आणि कुठल्यातरी बोटीच्या ढिगात नेऊन टाकतं.